आमचा गुलाब कोणी उपटला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे मी मान खाली घालून सांगत नाही. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा, हातात खुरपं लवकर आलं, पाटी सुटली. पण धाकट्या मुलीला मी हट्टानं नाशिकच्या कॉलेजात घातलं. ती इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या एका निबंधावरून जे झालं, त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. त्यांच्या मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं विषय आपला आपण निवडायचा, हिंडून माहिती गोळा करायची आणि इंग्रजीत निबंध लिहायचा. तो मान्य झाला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

कॉलेजच्या फाटकासमोर एक झेरॉक्सवाला होता. त्याच्याकडे तयार निबंध टाइप करून ठेवलेले असत. पहिलं पान बदलायचं, आपलं नाव घालायचं, झालं संशोधन! अर्ध्या वर्गानं तेच केलं. एकाच निबंधाला पाच-सहा बाप.

माझी मुलगी म्हणाली, "आप्पा, मी नाही विकतचं देणार. आपल्या शिवारातला गुलाब का गेला, त्याच्यावर लिहिते. तुम्ही सांगा."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तीन दिवस खाटेवर बसून तिला सांगितलं. शेजारच्या तात्यानं द्राक्षबाग लावली, तो रोज फवारणी करायचा, वाऱ्यानं औषध आमच्या गुलाबावर यायचं, पानं करपली, बाग गेली. माझी गेली तशी सगळ्यांची गेली. हे मी पंचवीस वर्षं सांगत आलो होतो. तिनं बारा पानं लिहिली.

निबंध परत आला. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा : ही सगळी माहिती एकाच माणसाची आहे, आणखी कोणाला विचारलं? आणि त्या झेरॉक्सवाल्याचे निबंध? पास!

मी धुतलेली टोपी घातली आणि कॉलेजात गेलो. मॅडम माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"मॅडम, माझी उभी जवानी गुलाबात गेली. माझ्यापेक्षा जास्त तुमच्या कोणत्या पुस्तकाला ठाऊक हाय?"

"काका, मी पुस्तकाचं म्हटलंच नाही. तुमचं खरं असेलही. पण ते मला कळायचं कसं?"

"मी सांगतोय ना!"

"तेच म्हणतेय मी. तुम्हीच सांगताय."

"मग ती चोरीची बाडं बरी पास केली तुम्ही?"

तिनं टेबलावरचा निबंधांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाली, "ती परत केली तर मुलं दुसऱ्या दुकानातून आणतील. तुमची मुलगी परत जाऊन शोधेल, म्हणून तिचा परत केला."

म्हणजे जो राबतो त्यालाच पुन्हा जुंपायचं! हा कुठला न्याय? भर वर्गात मी तिला हे ऐकवलं. मुलगी दारात उभी राहून माझा सदरा ओढत होती.

घरी येताना मी तिला म्हटलं, "चल, तुझ्या मॅडमला साक्षीदार पाहिजेत ना? दहा आणून उभे करतो."

दुसऱ्या दिवशी तिला लुनावर बसवून फुलबाजारात नेलं. तिथं आमच्याच शिवारातल्या एक वहिनी झेंडूचे हार ओवत बसायच्या. मालक वारल्यावर मळा त्यांनीच सांभाळलेला. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "वहिनी, हिला सांगा, गुलाब कशानं गेला."

वहिनींनी सुई थांबवली. "कशानं म्हंजे? तुझ्या बापानं उपटला म्हणून गेला, बाई."

"अहो वहिनी, ते फवारणीचं..."

"कसली फवारणी, भाऊजी? कोबीला भाव आला अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बैल जुंपून अख्खा तुकडा मोडला. तुमचं बघून आमच्या मालकांनी मोडला. मग बाकीच्यांनी. खोडा-मुळ्यांचे दोन भारे मीच नेले की चुलीला! महिनाभर काटे बोचत होते हाताला."

मुलगी वहीत लिहीत होती. मी म्हटलं, "हे नको लिहू, यांना आठवत नाही नीट." वहिनी हसल्या. "लिही गं, लिही. काट्याचं पण लिही."

मळ्यांच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या सोबत्याला विचारलं. तोही तेच बोलला, वर मला म्हणाला, "तू आमचा पुढारी होतास रे तवा!"

शेवटी ती स्वतःहून तात्याकडे गेली. ज्याला पंचवीस वर्षं मी दोष दिला त्याच्या दारात मला जायचं नव्हतं. बांधावरच उभा राहिलो. तात्यानं तिला विहीर दाखवली. द्राक्षबागेसाठी म्हणून ती खोदलेली, कठड्यावर साल कोरलेलं. आमच्या घरात कोबीचं पहिलं पीक आलं ते माझ्या थोरल्या मुलाच्या जन्मसाली. मुलीनं बोटांवर मोजलं. विहीर त्याच्यानंतर दोन वर्षांनी झाली होती; मी गुलाब मोडला तेव्हा तात्याची द्राक्षबाग नव्हतीच.

मुळ्यांचे ते भारे डोळ्यांपुढे आले. बैलांच्या पायाला काटे लागून रक्त आलं होतं, मी हळद भरली होती. हे सगळं मला आठवत होतं, नाही असं नाही. पण फवारणीची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की ती पुढं आणि हे मागं पडलं होतं.

चार दिवसांनी तिनं नवा निबंध इंग्रजीतून मराठीत करून मला वाचून दाखवला. त्यात होतं : एका शेतकऱ्याच्या मते गुलाब फवारणीनं गेला. पण इतर तिघांच्या सांगण्यावरून आणि विहिरीवरच्या सालावरून दिसतं, की पहिली बाग त्यानंच मोडली.

"काढ ते," मी म्हणालो.

"काढते. पण मग सगळाच काढावा लागेल, आप्पा. झेरॉक्सवाल्याकडून आणू का दुसरा?"

माझ्या तोंडावर असं बोलली! मी उठून गोठ्यात गेलो. बऱ्याच वेळानं परत आलो तरी ती तशीच बसली होती, पानांना हात न लावता. मी म्हटलं, "राहू दे. पण लिही, की बाजारात गुलाबाला कोणी विचारत नव्हतं. हौस म्हणून नाही मोडला मी."

"कोणाला विचारून लिहू?"

"विचार त्या वहिनीला!"

ती गेली, विचारून आली. वहिनी हो म्हणाल्या. ते वाक्य निबंधात गेलं आणि निबंध मान्य झाला.

शेवटच्या पानावर ज्यांना विचारलं त्यांची यादी होती. मी माझं नाव शोधायला लावलं. चौथं! तात्याच्या खाली!

"आप्पा, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावतात ती नावं."

लावत असतील. बाग कोणाची होती?