फटाक्यांच्या नळ्यांत गेलेली वही

"तिघांनाही शून्य द्या आणि मोकळे व्हा, सर," प्राचार्य म्हणाले.

माझ्या टेबलावर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे तीन प्रोजेक्ट होते. विषय तेरखेड्यातलं फटाक्यांचं काम. सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं मजकूर एकमेकांशी ताडून दिलेला निकाल, सांगत होता की तिन्ही जवळपास एकच आहेत. एक तेरखेड्याच्या प्रतीक्षाचा, दोन धाराशिवातल्या मुलांचे. तिघांचं टायपिंग एकाच सेंटरवर झालेलं. फाईल तिथूनच फुटली असणार.

माझा प्रतीक्षावर विश्वास होता, पण ऑफिसात विश्वासाला कागद लागतो. शून्य म्हणजे नापास, आणि तिचा बी.एड.चा प्रवेश हुकणार. मी तिला बोलावून कच्ची वही मागितली.

ती म्हणाली, "वही न्हाय, सर. नळ्यांत गेली."

फटाक्याच्या कागदी नळ्या तिच्या घरी रद्दीतून वळतात. टायपिंग झाल्यावर हिनं स्वतःच वही फाडली होती. मी कपाळावर हात मारला. चार महिन्यांच्या मेहनतीचा एकमेव पुरावा, आणि पोरगी त्याचे फटाके करून बसली.

"दारू भरली का त्यात?"

"अजून न्हाय. रिकाम्या नळ्यांचं पोतं घरीच हाय."

"मग आण. मदतीला कोण आहे?"

"कुणी न्हाय. वडील ट्रकवर असत्यात. आई दोन वर्सामागं गेली. आणते की मीच."

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं पोतं घेऊन आली. फटाके समजून कंडक्टर तिला आधी चढूच देत नव्हता. पोतं उघडून दाखवावं लागलं. स्टाफरूममधले सगळे चहा पिऊन गेले. आम्ही दोघंच नळ्या उलगडत बसलो. खळ फक्त कडेला होती, त्यामुळं पानं शाबूत निघाली. अक्षर तिचं, खाडाखोड तिची, मजकूर प्रोजेक्टमधलाच.

एका पानावर मात्र आडवी फुली होती. वर लिहिलं होतं, 'आईची मुलाखत'. ती तिन्ही प्रोजेक्टमध्ये कुठंच नव्हती.

"ही का काढलीस?"

"खोटी हाय, सर. लिहिताना आई कुठं होती? प्रश्न बी मीच इचारले, उत्तरं बी मीच दिली. असं चालत न्हाय ना?"

"नाही चालत," मी म्हणालो. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. घरी गेल्यावर मी रोज तिला विचारतो, आज काय करू जेवायला? उत्तरही मीच देतो. हे मी प्रतीक्षाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

प्राचार्यांनी पानं पाहिली. प्रतीक्षाचे मार्क राहिले, त्या दोघांना प्रोजेक्ट नव्यानं करायला लावला. यंदापासून मी कच्च्या वह्या आधीच जमा करून घेतो.

पानं पुरावा म्हणून फाईलला लागली. फुलीचं पान तेवढं मी काढून प्रतीक्षाच्या हातात दिलं. पुराव्याला खाडाखोड लागते हे खरं, पण सगळीच ऑफिसला दाखवायची नसते.