देशाचा रंग

ट्रक सोडून विदमांतस टेबलाशी बसला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. सव्वीस वर्षं त्याने लिथुएनियापासून पोर्तुगालपर्यंत माल वाहिला. शेवटी पाठीचे मणके सरकले आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली. हेर्निंगच्या ज्या कंपनीसाठी तो माल आणायचा, ती डेन्मार्कभरच्या वृद्धाश्रमांना चादरी आणि कर्मचाऱ्यांचे सदरे पुरवत असे. तिथल्या खरेदी खात्याचा प्रमुख टोर्बेन त्याला बोलावून म्हणाला, की आमचा माल जिथे जिथे शिवला जातो त्या प्रत्येक फाटकाशी तू ताटकळलेला माणूस आहेस. आत काय चालतं ते आता आमच्यासाठी बघून ये.

विदमांतसने विचार करायला एक दिवसाचीही मुदत मागितली नाही. खुर्ची पाठीला सोसेल अशी द्या, एवढीच अट घातली.

शेजारच्या टेबलावर मारेन बसायची. पस्तिशीची, नेटकी, बोलायला तुटक. युरोपातल्या कुठल्या देशातून माल घ्यायला किती धोका, याचा तक्ता तिने बनवला होता. कायदा कितपत चालतो, लाच किती खाल्ली जाते, कामगारांना संघटना करू देतात का, सरकारी तपासनीस कारखान्यात पाऊल ठेवतो का, हे सगळं पाहून ती प्रत्येक देशाला रंग द्यायची. हिरव्या देशातल्या पुरवठादाराने दोन पानांचा अर्ज भरला की झालं. पिवळ्या देशात जाऊन पाहणी करायची. लाल देशाला संचालकांची सही लागे.

विदमांतसने तक्त्यात आधी आपला देश, लिथुएनिया, शोधला. तो हिरवा होता.

"माझ्या लहानपणी, सोव्हिएत काळात, तू हा तक्ता केला असतास," तो म्हणाला, "तर आमच्यासाठी तुला नवा रंग आणावा लागला असता."

मारेन हसली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून कॉफी आणताना ती दोन कप आणू लागली.

त्याची स्वतःची मोजपट्टी साधी होती. कारखान्यात पाहुणा येणार म्हटलं की फरशी पुसतात, फुलं ठेवतात. ड्रायव्हर येणार म्हणून कोणी काही करत नाही. त्याला संडास वापरू देतात की झुडपामागे पाठवतात, धक्क्यावर माल चढवणारी माणसं रोज तीच असतात की दर खेपेला नवी, जेवणाची सुट्टी झाली की बायका बाहेर उन्हात बसतात की दिसतच नाहीत, यावरून त्याला आतलं बरंच कळायचं.

त्या वसंतात सदरे शिवणारा जुना पुरवठादार धंदा बंद करून मोकळा झाला. शरद ऋतूच्या आत दुसरा हवा होता, दिवसाला सहाशे सदरे देणारा. दोन जण पुढे आले. एक उत्तर इटलीतला, म्हणजे हिरवा. दुसरा बल्गेरियातला, रोडोपीच्या डोंगरातल्या गावचा, म्हणजे पिवळा. टोर्बेनचं मन इटलीवर बसलं होतं. अर्ज भरून आला होता, पाहणीची गरज नव्हती.

विदमांतस म्हणाला, की बल्गेरियाला जायचंच आहे तर जाता जाता इटलीही बघतो.

"ते वाटेत कुठे येतं?" टोर्बेनने विचारलं.

"माझ्या वाटेत सगळं येतं."

इटलीतला मालक रुबाबदार होता. कारखाना आरशासारखा स्वच्छ, भिंतीवर आजोबांचा फोटो, मशिनी नव्या. विदमांतसने कॉफी घेतली, मशिनींमधून एक फेरी मारली आणि मनातल्या मनात हिशेब केला. शिवायला बसलेल्या बायका चौदा. एका सदऱ्याला कारागिराची पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे जीव तोडून शिवलं तरी दिवसाला पावणेतीनशेच्या वर जाणार नाहीत. मग उरलेले कोण शिवणार?

त्याने मालकाला काही विचारलं नाही. संडास कुठे आहे म्हणून विचारलं आणि मागच्या धक्क्यावर गेला. तिथे एक मोल्दोवाचा ड्रायव्हर ट्रकच्या पायरीवर बसून सफरचंद कापत होता. विदमांतस त्याच्याशी रशियनमध्ये बोलू लागला, रस्त्यांबद्दल, टोलबद्दल, मग मालाबद्दल. ड्रायव्हरने सहज सांगून टाकलं, की इथे नुसती खोकी बांधतात. माल नाल्यापलीकडच्या गॅरेजांतून येतो, दर दोन दिवसांनी तो स्वतःच आणतो.

विदमांतस नाला ओलांडून गेला. शटर अर्धं वर होतं. आत मशिनींचा खडखडाट, खिडकी एकही नाही, आणि मशिनींच्या ओळीमागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या. एका बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. ट्रकच्या दिवसांत अशा कितीतरी शटरांसमोर त्याने गाडी लावली होती, माल घेतला होता, निघून गेला होता. तेव्हा ते आपलं काम नव्हतं. आता होतं.

तो थेट मालकाकडे परतला आणि गॅरेजांबद्दल विचारलं. मालक आधी हसला, मग म्हणाला की ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत. मग जरा चिडला.

"तुमच्या कंपनीने आमचा देश हिरव्या यादीत घातलाय ना? मग तुम्हाला आणखी काय हवं?"

"देश हिरवा आहे, मान्य," विदमांतस म्हणाला. "पण सदरे देश शिवत नाही, तुम्ही शिवता. आणि तुम्ही कुठे शिवता ते अर्जात लिहिलेलं नाही."

त्या संध्याकाळी त्याने अहवाल लिहिला, अडखळत, मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये, पण एक शब्द मवाळ न करता. शेवटी लिहिलं, की हे तिथल्या सरकारी कामगार तपासनिसांना आपण कळवलं पाहिजे. नुसतं पाठ फिरवून निघून येणं बरं नाही.

बल्गेरियात पोचला तो जेवणाच्या वेळेला. बायका अंगणात बाकांवर बसल्या होत्या, कोणी मोजे विणत होती. मुकादम रुम्याना साठीची होती, शाळेत रशियन शिकलेली. तिने त्याच्यापुढे चीज भरलेली गरम बानित्सा आणि ताक ठेवलं.

"तुम्हीही आमच्यासारख्याच गावचे दिसता," ती म्हणाली. "टाय बांधलेले येतात ते आधी चव घेऊन बघतात. तुम्ही सरळ खायला लागलात."

त्याने एकेका बाईला बाजूला घेऊन, जमेल तसं रशियनमध्ये, गप्पा मारल्या. करारपत्रं प्रत्येकीच्या घरी होती, ओव्हरटाइम पगारात चढवलेला होता, मशिनी जुन्या पण पुरेशा. चाळीस बायका, सहाशे सदरे, हिशेब जुळत होता. पिवळ्या रंगाच्या देशातला हा कारखाना पाहून त्याला मनापासून बरं वाटलं. त्याने तिथूनच मारेनला फोन केला आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं.

मारेनने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मागचं दार उघडून पाहिलंस?"

"कुठलं मागचं दार?"

"आग लागली तर बाहेर पडायचं. माझ्या पाहणीच्या यादीत बाविसावा प्रश्न."

तो फोन हातात धरूनच आत गेला. मागच्या दाराला साखळी होती, साखळीला कुलूप. रुम्यानाने ओशाळून सांगितलं, की पोरी सिगारेट ओढायला तिकडून निसटायच्या म्हणून मालकाने लावलंय, किल्ली त्याच्या खिशात असते आणि तो आज शहरात गेलाय.

विदमांतसने कुलूप ओढून पाहिलं, ते हललं नाही. लोक आवडले, म्हणून त्याने पाहायचं सोडलं होतं. आपला देश एकेकाळी असाच खालच्या रांगेत होता, म्हणून या बायकांनी जिंकावं असं त्याला वाटत होतं, आणि त्या वाटण्याने त्याला आंधळं केलं होतं. त्याने हे मारेनला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

"लिही तसं अहवालात," ती म्हणाली. "आणि साखळी निघेपर्यंत तिथून हलू नकोस."

तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला, आधी कुरकुरला, मग कटर मागवून साखळी कापली आणि दाराला आतून ढकलताच उघडणारी कडी बसवून घेतली. घंटा वाजवून चाळीसच्या चाळीस बायका त्या दारातून बाहेर काढून पाहिल्या. दीड मिनिट लागलं. रुम्याना सगळ्यांत शेवटी, डोक्यावरचा रुमाल सावरत.

हेर्निंगला टोर्बेनने दोन्ही अहवाल वाचले. इटलीचा माल स्वस्त होता आणि लवकर मिळणार होता. पण वृद्धाश्रमवाल्यांना उद्या हे शटर कोणी दाखवलं तर काय सांगायचं, हे त्याला सुचेना. काम बल्गेरियाला गेलं. इटलीच्या तपासनिसांकडे पत्र गेलं. काही महिन्यांनी तिकडून उत्तर आलं, की दोन गॅरेजं बंद केली, काही जणींना रीतसर कामावर घ्यायला लावलं. सगळ्यांचं काय झालं, ते पत्रात नव्हतं, आणि विदमांतसने दोनदा विचारूनही ते कळलं नाही.

मारेनने तक्ता टाकून दिला नाही, तिने तो दुरुस्त केला. देशाचा रंग आता पहिल्या पानावर राहिला, कुठे जास्त खोदायचं ते सांगण्यापुरता. त्यापुढे माल नेमका कुठे शिवला जातो, तिथे हात किती आणि नग किती, असे प्रश्न आले, हिरव्या देशांनाही. ड्रायव्हरशी बोललात का, असाही एक प्रश्न तिने घातला. टोर्बेनने तो खोडायला लावला, तर तिने तो दुसऱ्या ठिकाणी परत घातला.

पुढच्या पाहणीला ती विदमांतसबरोबर पोर्तुगालला गेली, मोजे विणणाऱ्या एका कारखान्यात. मालकाने दोघांना पुढच्या दाराने आत बोलावलं. विदमांतसने हात हलवून नको म्हटलं आणि मारेनला घेऊन तो इमारतीला वळसा घालत मागे निघाला, जिथे तीन ट्रक उभे होते.