हरलेल्या केसची फी

लस देताना सुई खांद्यात फार वर टोचली गेली, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून उजवा हात वर जाईना. मी शाळेत शिकवते; फळ्यावर लिहिताना डोळ्यांत पाणी यायचं. दवाखाना खासगी, लस पैसे देऊन घेतलेली. म्हणून परभणीच्या ग्राहक आयोगात भरपाई मागितली.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "डॉक्टरचं लेखी मत लागेल. तोंडी सगळे बोलतात, लिहून कुणी देत न्हाई." तसंच झालं. त्या माझ्यासोबत दवाखान्यांचे उंबरे झिजवत फिरल्या, पण कागदावर सही करायला कुणी धजेना. खांदा दुखतो हे आयोगाला पटलं; लसीमुळं दुखतो हे सिद्ध झालं नाही. तक्रार फेटाळली.

वकीलबाईंची अर्धी फी राहिली होती. आमचे मालक म्हणाले, "हारलेल्या केसची फी कशाची? देऊ नको."

"वर्गात पोरं नापास होतेत. मी पगार घ्यायचा सोडते का?"

ते ताट सारून उठले.

मला चैन पडेना. भाकरी तव्यावर टाकून अंगणात जायची, करपल्याचा वास आला की परत यायची. राग कुणावर काढावा, कळेना. शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, गावाजवळच्या चुडावा स्टेशनवरून रेल्वेनं परभणी गाठली.

वकीलबाईंपुढं पाकीट ठेवलं. खरं सांगते, मनातून वाटत होतं, त्या म्हणतील, "राहू द्या आता." त्या म्हणाल्या नाहीत. पैसे घेतले, पावती फाडली. माझे कान तापले.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला. तुमच्यावर का कशावर, तेच कळंना झालंय."

"मलाबी लय आलाय. निकाल वाचल्यापासून दुसऱ्या फायलीत जीव लागंना. वरच्या आयोगात अपील करता येतं. पण डॉक्टरचं मत नसलं तर परत हेच होणार. मी तुमाला नादी लावणार न्हाई."

केस फुकट लढल्या असत्या, तर इतकं सरळ बोलल्या असत्या का, कोण जाणे.

स्टेशनवर बाकड्यावर बसवेना. फलाटावर येरझाऱ्या घालताना मालकांचा फोन आला.

"देऊन आलीस?"

"हो."

मग म्हणाले, "चुडाव्याला उतरून थांब. येतो न्यायला."

अपील आम्ही केलं नाही. मुदत संपली त्या दिवशी मी फडताळातली सगळी भांडी खाली काढली आणि डाव्या हातानं पुन्हा लावत बसले.