वेबसाइटवर नसलेली वहिनी

वेबसाइटचा आराखडा मी एकट्याने केला आणि त्यात वहिनींना कुठेच जागा ठेवली नाही. चूक माझीच. साइट बनवून देणाऱ्याने विचारलं होतं, मसाला कोण करतं, त्यांचा फोटो टाकू का. मी म्हणालो, नको, फार घरगुती दिसेल.

धंदा घरगुतीच होता. नंदुरबारच्या बाजारातून मिरच्या आणायच्या, देठ खुडायचे, मसाले भाजायचे, कांडून द्यायचं. मोठा भाऊ गेल्यावर हे सगळं वहिनींनी ओढलं. मी नाशिकला नोकरीत सुखी होतो. प्रत्येक घराचा मसाला वेगळा. खांडबाऱ्याच्या एका घरी लवंग चालत नाही, सारंगखेड्याच्या एका घरी खोबरं जास्त लागतं. लिहिलेलं काहीच नव्हतं. फोन आला की वहिनी आवाजावरून घर ओळखायच्या.

नोकरी सोडून परतलो तेव्हा मला हा कारभार गबाळा वाटला. साइटवर तीन पाकिटं ठेवली: तिखट, मध्यम, सौम्य. संपर्काला माझा नंबर. ऑर्डरी एकाच जागी याव्यात म्हणून वहिनींचा जुना नंबर बंद करवला. पहिल्या पानावर विकतचा फोटो लावला, मिरच्यांच्या टोपलीशेजारी हसणारी कुणी तरुणी. वहिनींनी मोबाइल लांब धरून तो पाहिला.

"भाऊ, हाई कोन शे? इले मिरची खुडता येस का?"

मी ते हसण्यावारी नेलं.

त्या उन्हाळ्यात जुनी गिऱ्हाइकं फिरकली नाहीत. लोकांना सवय होईल, असं मी म्हणत राहिलो. ज्या दिवसांत वहिनींना जेवायला फुरसत नसायची, त्या दिवसांत त्या ओट्यावर नुसत्या बसून असायच्या. मला ते दिसत होतं.

दिवाळीच्या आधी खोबरं जास्त लागणाऱ्या त्या सारंगखेड्याच्या घरचे नवरा-बायको आले. बाईंनी पदर पुढे ओढलेला. उंबऱ्यातच त्यांनी रडायला सुरुवात केली. ते दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला आले होते. नंबर लागत नाही, सुनेने साइट दाखवली तर तिथे दुसरीच बाई. वहिनी गेल्या आणि आम्ही त्यांना कळवलंही नाही, असं धरून ते भांडायच्या तयारीनेच आले होते. तेवढ्यात आतून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"जित्ती शे मी, माय," त्या म्हणाल्या. "फक्त मोबाइलमा नही."

तिघंही हसली. बाईंनी डोळे पुसत खोबरं किती घालायचं तेही सांगून टाकलं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. नंबर उद्याच चालू करतो, फोटो काढतो, असं सांगायला लागलो. वहिनी भांडी विसळत राहिल्या. मग लक्षात आलं की मी अजून साइटबद्दलच बोलतोय. थांबलो. कित्येक वर्षं ऑफिसच्या भाषेत बोललेलं तोंड घरच्या बोलीकडे वळायला वेळ लागला.

"मन्हं चुकनं, वहिनी. धंदा तुम्हना, आन मी तुम्हलेच इचारं नही. माफ करा."