डॉक्टरांची एकट्याची होडी

दातांच्या डॉक्टरांना सगळ्या जगाची किळस यायची, आणि दोष तरी कसा द्यायचा? उभं आयुष्य लोकांच्या उघड्या तोंडात गेलेलं. त्यात एकच सोय होती: तोंडात आरसा आणि नळी असली की माणसाला बोलता येत नाही. होडीत ही सोय नव्हती. होडीत मेहुणा होता.

होडी लहानशी, एका शिडाची. पण शीड उतरवायचं तर उठून डोलकाठीपर्यंत जावं लागे, आणि तेवढा वेळ सुकाणू कुणाच्या तरी हाती द्यावं लागे. म्हणून मेहुणा. तो केळं खाऊन शिडाला हात पुसायचा, साल बुडाशी साचलेल्या पाण्यात टाकायचा, आणि ओले मोजे काढून नेमके वाऱ्याच्या बाजूला वाळत घालायचा.

"भाऊजी, काय हवा सुटलीय!"

"हवाच आहे का ही?" डॉक्टर रुमालाआडून विचारत.

एकदा त्याला न सांगता डॉक्टर एकटेच गेले, शीड उतरवायला उठले, घसरले आणि बरगडी मोडून घरी आले. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. "बसल्या जागेवरून शीड चढवता-उतरवता आलं तर खुशाल एकटे जा. नाहीतर हा बरोबर येईल." हा म्हणजे त्यांचा भाऊ, तो शेजारी बसून कान कोरत होता.

डॉक्टर पेटले. दवाखान्यात ते स्टुलावरून कधी उठत नसत. हात लांबवला की हवं ते हत्यार हातात. होडीही तशीच करायची ठरली. शिडाचा दोर डोलकाठीच्या बुंध्याशी कप्पीतून फिरवून थेट बैठकीपाशी आणला. तिथे दोर धरून ठेवणारा दातेरी चिमटा बसवला. सुकाणूच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आकडीची लांब काठी उजव्या हाताशी. मेहुणा मदतीला म्हणून आतच पसरलेला असे.

"हे सगळं मला टाळायलाच ना, भाऊजी? करा, करा. स्क्रू देऊ?" आणि ज्या बोटांनी आत्ताच तळपायाची खाज भागवली, त्याच बोटांनी स्क्रू पुढे करी. डॉक्टर तो पकडीने घेत.

परीक्षेच्या सकाळी बाई धक्क्यावर उभ्या राहिल्या. शेजारी मेहुणा शेंगदाण्यांची फोलपटं उडवत होता.

"जागचे हललात की नापास हं!" बाई ओरडल्या.

शीड झोकात चढलं. होडी ऐटीत वळसा घेऊन परतली. डॉक्टरांनी चिमटा सोडला, शीड सरसर उतरू लागलं आणि अर्ध्यावर अडकलं. पायाशी पडलेला दोर पुढे धावताना वेटोळ्यातलं काहीतरी काळपट, लिबलिबीत ओढत घेऊन गेला होता, आणि ते आता कप्पीच्या जबड्यात रुतून बसलं होतं.

मेहुण्याचा मोजा!

डॉक्टरांचा हात आधी रुमालाकडे गेला. अर्धं शीड फडफडत होतं, होडी धक्क्याच्या दगडांवर चालली होती.

"उठू नका हो!" बाई किंचाळल्या.

"भाऊजी, पोहत येऊ का मी?"

या धमकीने डॉक्टर भानावर आले. त्यांनी दांड्यावर पट्टा चढवला, डाव्या हाताने दोर जरासा मागे ओढला आणि उजव्या हाताने बसल्या बसल्या आकडी कप्पीत घातली. "आ करा," ते सवयीने म्हणाले. एक हिसका, आणि मोजा मुळासकट बाहेर! शीड धपकन खाली आलं. होडी हळूच धक्क्याला टेकली.

आकडीला लोंबणारा मोजा जमेल तितका लांब धरून, तोंड फिरवून, डॉक्टर तो पाण्यात सोडणार इतक्यात वरून हाक आली.

"टाकू नका भाऊजी! जोडीतला दुसरा घरी आहे!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "पास. जा, एकटेच जा. आणि येताना मलाही अशी एक काठी आणा, घरात वापरायला."

डॉक्टरांनी मोजा धक्क्यावर ठेवला, पाण्यात बुडवून काठीला भरपूर चुळा भरायला लावल्या, आणि जागचे न हलता पुन्हा शीड चढवलं.