आनंदराजचा भोंगा

लुंबिनीनं आनंदराजला बघायच्या अर्धा तास आधी ऐकलं. ती आईसोबत कंधारच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत होती आणि तो अजून फुलवळच्या शिवारात होता. मग ऑटोवर भोंगा बांधून, सिनेमाची जाहिरात करत तो अवतरला. किल्ल्याचे बुरूज हलले, म्हशींनी पान्हा चोरला, एका कंडक्टरनं घाबरून रिकामीच गाडी सोडली. तिला बघताच गडी सिनेमाचं नाव विसरला. "आज रोजी, चार खेळ, खास आकर्षण, हिरव्या साडीतल्या बाई." आईनं चप्पल काढली. तीन महिन्यांत लग्न लागलं.

पुढं पंचवीस वर्षं तो बोलतच होता. टेप लावून फिरणाऱ्यांना त्यानं कधी माणसात धरलं नाही. "टेप वाजवायला गाढव बी चालतंय," म्हणायचा, आणि स्वतःचा आवाज कुणाला टेपमध्ये भरू द्यायचा नाही.

मग मेंदूत रक्त गोठलं. सगळं अंग गेलं, पापण्या तेवढ्या उरल्या. एकदा मिटल्या तर हाव, दोनदा मिटल्या तर न्हाई. भांडण झालं की डोळे गच्च मिटून पडायचा. म्हणजे बोलणंच बंद.

पुतण्या अश्वजित लातूरला सिनेमा शिकत होता. तो काकावर फिल्म करायला आला. लुंबिनीची अट एकच. "ह्यांचा आवाज पायजे त्यात. मला एकडाव ऐकायचाय."

आवाज कुठंच नव्हता. उमरीच्या जयंतीच्या मिरवणुकीचा एक व्हिडिओ सापडला. त्यात आनंदराज तोंड फाडून बोलतोय आणि ऐकू येतोय नुसता डीजे. लुंबिनीनं त्याच्या ओठांकडं बघत तो वीस वेळा लावला.

शेवटी धंद्यातला जुना वैरी मलप्पा आला. तो आनंदराजची नक्कल हुबेहूब करायचा. "वहिनी, डोळे झाकून ऐका."

तिनं झाकले. घटकाभर ती स्टँडवर उभी होती. उघडले तर खाटेवरच्या पापण्या दोनदा मिटल्या.

"मलप्पाभाऊंचा नको?"

एकदा.

"मग कुणाचा, अश्वजितचा?"

दोनदा.

"माझा का काय?"

एकदा.

"मला कुठं येतंय हो," म्हणत तिनं माईक धरला. "आज रोजी, चार खेळ…" मधलं गाळलं. "हिरव्या साडीतल्या बाई…" आवाज एवढा बारीक, की दारातल्या शेळीनं मान वळवली नाही. आनंदराज मात्र बघत राहिला. पापणी मिटायची विसरला.

तो मार्चमध्ये वारला. लुंबिनीच्याच आवाजातली फिल्म जुलैत लातूरला स्पर्धेत दाखवली. नंबर आला नाही.