मृदंगवालीचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला वाटतं, कपाटात साड्यांखाली जुनेरात गुंडाळून ठेवलेलं ते माझ्या आईचं काहीतरी असेल. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते — पण मला जरा वळसा घालून येऊ द्या.

जुन्या दगडी इमारतींची बाहेरून तपासणी करणं हे माझं काम. कुठला दगड सुटलाय, कुठे पाणी मुरतंय, कुठल्या सांध्यात झाड उगवलंय — भिंतीभिंतीनं बघायचं, फोटो काढायचे, तक्ता भरायचा. तक्त्यात शेवटी एक रकाना असतो: नुकसानीचं कारण. मला त्या रकान्यापाशीच यायचंय. पण आधी ते देऊळ तर बघा!

चकलांबा गावाच्या पुढे, शिवारात एकटंच उभं आहे. काळा पाषाण, चुन्याचा थेंब नाही, दगडावर दगड नुसता वजनावर तोललेला. लाकडी हातोडीनं हलकेच ठोकलं की धडधाकट दगड खणखणीत बोलतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. अख्खी दक्षिण भिंत मी ठोकत गेले, एकही दगड बद्द बोलला नाही. इतके पावसाळे खाऊन! आमच्या नव्या घराला दुसऱ्याच वर्षी भेगा पडल्या होत्या, ते आठवून मला हसूच आलं.

आणि सांध्यांत पिंपळाचं एक रोप नव्हतं. हे कसं काय? त्याचं उत्तर सोजरमावशीकडे होतं. शेळ्या राखणारी साठीपुढची बाई, उन्हाच्या वेळी देवळाच्या सावलीला बसायची. बाभळीच्या फांद्या ओढायला शेळीवाल्यांकडे लांब आकडी असते ना, तिच्या टोकानं ती भिंतीतलं रोप अलगद उपटायची. वर्षानुवर्षं, कुणी न सांगता.

"दोन पानाचा हाय तवर काडायचा, बाई," ती म्हणाली. "मोटा झाला की देव होतो. मग कुनी हात लावीत न्हाई."

माझ्या सगळ्या शिक्षणानं जे केलं नसतं ते ही बाई शेळ्यांमागे फिरता फिरता करत होती. मला ती फार आवडली. हे मुद्दाम सांगतेय — आवडली असूनही मी काय केलं ते कळावं म्हणून.

उत्तरेच्या भिंतीवर, दोन पुरुष उंचीवर, मृदंग वाजवणारी एक बाई कोरलीय. डावा हात मृदंगावर, उजवा हवेत. बोटं अशी ताणलेली की थाप आत्ता पडेल! खालून बघून माझं समाधान होईना. नियम साधा आहे — कोरीव कामाला शिडी टेकवायची नाही, बांबूंची परांची बांधून घ्यायची. परांची दुसऱ्या दिवशी येणार होती. एक दिवस थांबायला काय झालं होतं मला? पण नाही. तिची नखं मला जवळून बघायची होती, आणि तेव्हाच बघायची होती.

सोजरमावशी शेळ्या पाण्यावर घेऊन गेली होती. मी शिडी टेकवली, तीन पायऱ्या चढले, शिडी सरकली — टक्. एवढाच आवाज. उजवा हात मनगटापासून तुटून खाली गवतात पडला होता.

ताजा तुटलेला पाषाण निळसर दिसतो. मी माती कालवून ती जागा काळी केली. हात पिशवीत घातला. आणि रकान्यात लिहिलं: जनावरांचा व गुराख्यांचा वावर.

गुराखी तिथं एकच होती. हे मला लिहिताना माहीत नव्हतं का? होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तारेचं कुंपण झालं, फाटकाला कुलूप लागलं. सोजरीच्या आकडीनंच हात तुटला, असं गाव बोलू लागलं.

पाच वर्षांनी, यंदा, मी फेरतपासणीला गेले. उत्तरेच्या भिंतीत मनगटाएवढा पिंपळ उभा! दगडांचे दोन थर पुढे सरकलेत. हातोडी लावली, तर दगड बद्द वाजला. मजूर झाडाला हात लावायला तयार नाहीत. मी कुलूप काढून सोजरमावशीला आत बोलावलं, तर तिनंही मान हलवली.

"आता माज्यानं न्हाई व्हायचं, बाई. देव झालाय त्यो." मग वर मृदंगवालीकडे बघत राहिली. "म्या हिला कदी आकडी लावली न्हाई. कामून घेत्यात लोकं माजं नाव?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? मी म्हणाले, "लोकांना काय, बोलतात."

"तुमी आलाव, बरं झालं," ती म्हणाली. "तुमाला हिची लई कळकळ हाय."

काल मी तक्ता भरला. रकान्यात लिहिलं: शिडी टेकवल्यामुळे हात तुटला, शिडी मी टेकवली, आधीची नोंद खोटी आहे. कपाटातून हात काढला, कापसात गुंडाळून तक्त्यासोबत ठेवलाय. गुंडाळताना नखं बघितली. ज्यांच्यासाठी एवढं केलं ती पाच वर्षांत एकदाही बघितली नव्हती. फार सुंदर आहेत.

सोजरमावशीला अजून सांगितलेलं नाही. आधी तिला सांगायला हवं होतं.